क्रँकबेट सरळ येत नाही: पक्कड उचलण्याआधी काय काय तपासावं

आधी लक्षणं. बास मासा पकडायला तलावाच्या उथळ पाण्यात फिरवायचा क्रँकबेट, म्हणजे २ ते ६ फुटांपर्यंत बुडणारा, पोट फुगलेला आणि तोंडाशी आखूड लिप (पुढे आलेली तिरकी पट्टी) असलेला ल्यूर, म्हणजे नकली आमिष, बिघडला की यांतलं एखादं लक्षण दाखवतो, कधी दोन-तीन एकदम:

- गुंडाळताना कायम एकाच बाजूला ओढला जातो. टाकला समोर, आला काठाच्या गवतात.
- हळू गुंडाळलं तर शहाण्यासारखा येतो, वेग वाढवला की कुशीवर पडतो आणि पाण्यावर येऊन फरफटतो.
- गोल गोल फिरतो आणि लाईनला पीळ पडतो.
- जिथे तळाला घासायचा तिथे आता तळ लागतच नाही.
- रॉडच्या टोकाला येणारी एकसारखी थरथर मंदावते किंवा तिचा ठेका चुकतो.
- बुडालेल्या खोडावर आपटला की उसळून बाजूला व्हायचा, आता दर दुसऱ्या फेकीला अडकतो.
- गुंडाळणं थांबवलं की टुणकन वर यायचा, आता तिथेच लटकतो किंवा शेपूट खाली करून आळसावल्यासारखा वर येतो.

यांतलं कोणतं लक्षण दिसतंय ते लक्षात ठेवा, कारण त्यावरून अर्धी तपासणी वाचते.

माझ्याकडे सगळ्यांत जास्त येते ती पहिली तक्रार. ल्यूर हातात ठेवताना माणूस एकच वाक्य बोलतो, "याची कडी जरा वाकवून दे." कडी म्हणजे ल्यूरच्या नाकावरची, लाईन बांधायची तारेची कडी. बहुतेकदा त्याने ती स्वतः एक-दोनदा वाकवूनही पाहिलेली असते. मूळ दोष कडीत नव्हताच, त्यामुळे आता दोषांची जोडी झालेली असते, आणि ती जोडी सोडवायला पहिल्यापेक्षा दुप्पट वेळ जातो. म्हणून खालचा क्रम मोडू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला, पाण्यात ओढून बघा, मग पुढे सरका.

ल्यूर सरळ चालतो कसा हे थोडक्यात समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. तिरकी लिप पाणी ढकलते आणि पाणी उलट तिला खाली दाबते, म्हणून नाक बुडतं. लिपच्या आणि अंगाच्या मागे पाण्याचे भोवरे एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून सुटतात, त्याने ल्यूर डुलतो. हे सगळं ज्या रेषेभोवती तोललेलं असतं ती रेषा लाईन बांधायच्या कडीतून निघून अंगाच्या बरोबर मधून शेपटीपर्यंत जाते. ओढ या रेषेतून केसभर जरी सरकली तरी एका बाजूवर पाण्याचा जोर वाढतो आणि ल्यूर कलतो. एकदा कलला की खाली दाबणारी लिप बाजूला ढकलायला लागते. बाजूला पळणं आणि उथळ चालणं ही दोन लक्षणं जोडीने दिसतात ती यामुळेच.

तक्रार खरी आहे का?

काठावर किंवा होडीत उभे राहा, पाणी नितळ हवं. टोकापासून साधारण रॉडच्या लांबीइतकीच लाईन सोडा. रॉडचं टोक पाण्याजवळ आणा आणि ल्यूर थेट स्वतःकडे ओढा, आधी हळू, मग मध्यम, मग जितकं जोरात जमेल तितकं. रॉड बाजूला फिरवून ओढलात तर चांगला ल्यूरही कमानीतच येणार.

हे इतकं बजावून सांगतोय कारण मी स्वतः यात फसलोय. मित्राने दिलेला एक ल्यूर "डावीकडेच जातो" म्हणून मी दुपारभर छळला. नंतर कळलं, त्या सकाळी वारा होता, होडी सारखी उजवीकडे सरकत होती आणि लाईनला पोट पडत होतं. ल्यूर बिचारा सरळ होता, आम्हीच पळत होतो. होडीची मोटर चालू ठेवून चाचणी घेऊ नका, त्यातही हेच होतं.

रॉडभर लाईनीवर तिन्ही वेगांत सरळ आला, तर ल्यूर परत डब्यात ठेवा. दोष त्याचा नाही.

डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टी

सगळ्यांत आधी लिपच्या मुळाशी बघा. केसाएवढं शेवाळ तिथे गुंडाळलेलं असतं आणि लांबून दिसत नाही. पुढच्या कडीवर गवताची काडी, हुकावर कुजलेलं पान, एवढ्यानेही चाल जाते. लिपच्या एका कडेला चिकटलेला धागासुद्धा त्या बाजूची ओढ वाढवतो. ल्यूर पाण्यावर आपटून झटकला की बरंच निघतं, पण झटकून झाल्यावर हातात घेऊन बोट फिरवाच.

दुसरं म्हणजे हूक स्वतःच्याच कडीत किंवा एकमेकांत अडकलेले असतात. पोटाखालचा हूक फिरून त्याचं टोक स्प्लिट रिंगमध्ये, म्हणजे हूक अडकवायच्या दुहेरी तारेच्या रिंगमध्ये, रुततं आणि तो एका बाजूला ताठ उभा राहतो. मग तो हूक न राहता सुकाणू होतो.

तिसरं, फेकताना ल्यूर हवेत गिरक्या घेत गेला असेल तर लाईन हुकाला अडकते आणि ल्यूर उलटा, शेपटीकडून ओढला जातो. एखाद्याच फेकीला असं झालं तर चिंता नको. वारंवार होत असेल तर फेक जास्त झटक्याची होतेय.

सरळ येतो, पण खोल जात नाही

बाजूला न पळता फक्त खोली कमी झाली असेल तर ल्यूरला हात लावू नका. लाईन कोणती भरलीय ते आठवा. जाड लाईन पाण्यात जास्त ओढ घेते आणि ल्यूरला वर धरून ठेवते. १२ पौंडी (तेवढा ताण सोसणारी) काढून २० पौंडी भरली असेल तर तळ सुटणारच. लाईन कशाची आहे यानेही फरक पडतो. फ्लुरोकार्बन पाण्यापेक्षा बरीच जड असल्याने बुडते, नायलॉन जेमतेम बुडतं, आणि वेणीची लाईन तरंगते.

रॉडचं टोक किती उंच धरता तेही बघा. छातीशी धरलेलं टोक गुडघ्याखाली आणलं तर ल्यूर लगेच खाली उतरतो. आणि फेक आखूड असेल तर ल्यूर त्याच्या पूर्ण खोलीला पोहोचण्याआधीच वर यायला लागतो. हे तिन्ही फुकटात तपासून होतं.

गाठ

इथे थोडं रेंगाळतो, कारण माझ्या अनुभवात सगळ्यांत जास्त ल्यूर याच पायरीवर बरे होतात.

पुढच्या कडीवर घट्ट आवळलेली गाठ मधोमध बसायला हवी. मासा लागला, खोडाला ओढला गेला, दोन-चार तास फेकून झाले की ती गाठ कडीवर एका बाजूला घसरते आणि तिथेच रुतून बसते. म्हणजे कडी सरळ असूनही ओढ बाजूने लागते. मासा सोडल्यानंतर ल्यूर अचानक एकीकडे जायला लागला, तर आधी गाठ अंगठ्याने मध्यावर सरकवून बघा. तेवढ्याने सरळ आला तर निदान झालं. मग गाठ कापून नवी बांधा, कारण घसरलेली गाठ परत घसरते आणि तिथे लाईनही खरचटलेली असते.

पुढच्या कडीत स्प्लिट रिंग असेल तर आणखी एक खोड. ही रिंग म्हणजे तारेचे दोन वेढे, आणि वेढा सुरू होतो तिथे एक खाच असते. गाठ फिरत फिरत त्या खाचेत जाऊन बसते. लाईन तिथे कापलीही जाते आणि ओढही वाकडी होते. गाठ रिंगच्या अखंड भागावर आणा. सारखी खाचेत जात असेल तर गोल तोंडाचा छोटा स्नॅप, म्हणजे उघडझाप होणारी तारेची कडी, लावा.

स्प्लिट रिंगही नाही आणि स्नॅपही नको असेल, तर सैल फासाची गाठ बांधा. फास कडीत मोकळा फिरतो, त्यामुळे ओढ आपोआप मध्यावर येते आणि ल्यूर मोकळा डुलतो. आवळलेल्या गाठीने ज्यांचे ल्यूर नेहमी रुसतात त्यांनी ही एक सवय बदलून बघावी.

स्नॅप आणि स्विव्हल

स्नॅप वापरत असाल तर तो टोकदार 'व्ही' आकाराचा नको, गोल तोंडाचा हवा. टोकदार स्नॅपच्या कोपऱ्यात कडी जाऊन अडकते. वाकलेला स्नॅप फेकून द्या, तो सरळ करण्याच्या भानगडीत पडू नका. आणि उथळ क्रँकबेटच्या नाकाशी स्विव्हल, म्हणजे गोल फिरणारी जोडकडी, लावू नका. नाकावर वजन वाढतं आणि डुलणं मरतं. लाईनला पीळ पडतो म्हणून स्विव्हल लावणारे पुष्कळ आहेत. पण नीट चालणारा क्रँकबेट पीळ पाडत नाही. पीळ पडतोय म्हणजे ल्यूर गोल फिरतोय, आणि स्विव्हल लावून तुम्ही तो रोग झाकताय.

वेग

दुसरं लक्षण, म्हणजे हळू सरळ आणि जोरात आडवा, दिसलं की इथे थांबून विचार करा. प्रत्येक ल्यूरला वेगाची एक मर्यादा असते. त्यापलीकडे लिपवरचा दाब इतका वाढतो की डाव्या-उजव्यातला बारीकसा फरकही त्याला उलटवायला पुरतो. चपट्या अंगाच्या, बाल्सा या हलक्या लाकडाच्या ल्यूरची मर्यादा लवकर येते, गुबगुबीत प्लास्टिकच्या ल्यूरची उशिरा.

नुकतंच नवं रीळ घेतलंय का? ५:१ गिअरचं जुनं रीळ जाऊन ७:१ आलं असेल, तर हाताची लय तीच राहूनही ल्यूर जवळपास दीडपट वेगाने पळतोय. त्याच बनावटीचा दुसरा ल्यूर असेल तर तो त्याच रिळावर, त्याच वेगाने ओढा. दोन्ही एकाच वेगाला उलटले तर ती ल्यूरची जात आहे, दोष नाही. हळू गुंडाळा. एकच उलटला तर पुढे वाचा.

हूक

पोटाखालचा ट्रेबल हूक, म्हणजे तीन नांग्यांचा हूक, मासा पकडतोच, शिवाय नावेच्या तळाशी भार ठेवतात तसं काम करतो. ल्यूर त्याच्यामुळे सरळ उभा राहतो. म्हणून हूक काढून टाकून ल्यूर ओढून बघायची युक्ती फसवी आहे. पोटाचा हूक गेला की निरोगी ल्यूरही लोळतो आणि तुम्ही भलताच निष्कर्ष काढता. हूक काढायचेच असतील तर त्याच मापाचे नवे लावून बघा.

काय तपासायचं: तिघांपैकी एखादी नांगी उघडली आहे का, हूक लटकवला की मधोमध लोंबतो का, स्प्लिट रिंग ताणून लांबट झाली आहे का, हुकाची कडी एका बाजूला झुकली आहे का. मोठा मासा पक्कडीने सोडवताना मनगट फिरवलं की ही कडी हमखास झुकते. ती हलक्या हाताने मध्यावर आणता येते.

मापाची गोष्ट वेगळी आहे. अनेक जण कंपनीचे हूक काढून एक माप मोठे, जाड तारेचे लावतात. मासे कमी सुटतात हे खरं, पण वजन वाढल्याने ल्यूरचं तरंगणं कमी होतं, डुलणं मंदावतं, आणि थांबवल्यावर तो सावकाश वर येतो. शेवटचं लक्षण दिसत असेल आणि तुम्ही नुकतेच हूक बदलले असतील, तर पाणी शिरल्याचा संशय घेण्याआधी जुने हूक परत लावून बघा. दोन्ही हूक एकमेकांना लागतील इतके मोठे तर नकोतच.

आता पक्कड

इथपर्यंत सगळं ठीक निघालं आणि ल्यूर तरीही प्रत्येक वेगात एकाच बाजूला जातोय, तर आता कडी.

नवा, डब्यातून काढलेला ल्यूरही असा निघू शकतो, त्यात नवल नाही. अमेरिकेतल्या टेनेसीमधल्या ओक रिज गावच्या फ्रेड यंग यांनी १९६० च्या दशकात 'बिग ओ' नावाचा गुबगुबीत क्रँकबेट बाल्सा लाकडातून हाताने कोरला. आजचे चौकोनी लिपचे बहुतेक उथळ ल्यूर त्याच्या कुळातले. हाताने कोरलेला प्रत्येक नग थोडा वेगळा असायचाच. १९७० च्या दशकात कॉटन कॉर्डेल यांनी तो प्लास्टिकमध्ये आणला आणि साच्यामुळे अंगं एकसारखी झाली. पण कडी तारेचीच राहिली, आणि तार वाकते. बांधताना वाकते, डब्यात दाबली जाऊन वाकते, खडकावर आपटून वाकते.

ल्यूर हातात असा धरा की त्याचं नाक तुमच्याकडे असेल, पाण्यातून तुमच्याकडे येताना दिसतो तसाच. तो तुमच्या डावीकडे जात असेल तर कडी तुमच्या उजवीकडे वाकवा. उजवीकडे जात असेल तर डावीकडे. जिकडे पळतो त्याच्या विरुद्ध, बस. बहुतेकांची चूक इथेच होते, कारण ते ल्यूर शेपटीकडून धरून डावं-उजवं ठरवतात.

लांब, बारीक तोंडाची पक्कड घ्या. कडीचं फक्त टोक चिमटीत धरा आणि दुसऱ्या हाताने ल्यूरचं अंग घट्ट धरा. लिपला धरून जोर लावू नका, तिच्या मुळाशी तडा जातो. वाकवायचं किती? डोळ्याला दिसलं तर जास्त झालं असं समजा. पक्कडीला किंचित दाब जाणवला की सोडा, पाण्यात ओढा, बघा. परत किंचित. उलट्या बाजूला जायला लागला तर वाकवलंत त्याच्या निम्मं मागे आणा.

कडी बाजूला वाकवायची, पिळायची नाही. वर-खालीही वाकवू नका, त्याने बुडण्याचा कोन बदलतो आणि मग मूळ चाल परत सापडत नाही. आट्यांची (स्क्रूसारखी आत फिरवून बसवलेली) कडी असेल आणि ती फिरून तिरपी झाली असेल, तर आधी तेवढीच हलकेच जागेवर आणा.

कडी बघायला सरळ दिसतेय पण ल्यूर वाकडा जातोय, किंवा कडी तिरपी दिसतेय पण ल्यूर बाणासारखा येतोय, असं दोन्ही मी पाहिलंय. पाणी सांगेल ते खरं. अंगातला किंवा लिपमधला बारीक फरक कडीने भरून काढलेला असू शकतो. दिसायला सुंदर करायच्या नादात चालता ल्यूर बिघडवू नका.

शेवटची परीक्षा वेगाची. हळू सरळ येणं पुरेसं नाही. पूर्ण जोरात ओढल्यावर न कलता खाली गेला तरच तो जमला. खोडात फिरवायच्या ल्यूरसाठी हे जास्तच महत्त्वाचं. सरळ चालणारा चौकोनी लिपचा ल्यूर लाकडाला आधी लिपच्या कोपऱ्याने भिडतो, त्या धक्क्याने बाजूला उडतो आणि हूक अंगाच्या आडोशाला राहतात. बास बऱ्याचदा त्याच क्षणी झडप घालतो. कललेला ल्यूर मात्र पोट पुढे करून भिडतो, म्हणजे हूकच पुढे.

जाता जाता: मुद्दाम बिघडवलेला एक ल्यूर माझ्या डब्यात असतो. तो डावीकडे पळतो. लाकडी धक्क्याच्या कडेने टाकला की आपणहून फळ्यांखाली, सावलीत शिरतो, जिथे सरळ फेक पोहोचत नाही. त्याच्या पोटावर नेलपॉलिशचा लाल ठिपका आहे. तो ठिपका नव्हता तेव्हा एकदा मीच तो 'दुरुस्त' करून ठेवला होता.

लिप

कडी दोन-तीनदा किंचित हलवूनही उपयोग झाला नाही, तर पक्कड खाली ठेवा आणि लिप उजेडाकडे धरून बघा. मुळाशी पांढुरकी रेष दिसली तर तो तडा आहे. बोटाने हलकेच दाबून लिप हलते का बघा. हलणारी लिप वेगात एका बाजूला वळते, म्हणून असा ल्यूर हळू सरळ आणि जोरात वाकडा असतो.

खडकाळ तळावर फिरवून लिपचा एक कोपरा झिजला किंवा तुटला असेल, तर दुसरा कोपरा बारीक कानशीने तेवढाच घासून दोन्ही सारखे करता येतात. थोडक्यावर निभावलं तर ठीक. लिप लहान झाली की खोली कमी होते आणि लाकडावरून उसळायचा गुणही जातो, त्यामुळे मोठा तुकडा गेला असेल तर घासत बसू नका.

आत शिरलेलं पाणी

शेवटचं लक्षण, म्हणजे लटकणं आणि शेपूट खाली, हूक बदललेले नसताना दिसलं तर आत पाणी गेल्याची शक्यता मोठी. कानाशी हलवा. छर्ऱ्यांच्या खुळखुळाटात पाण्याचा डुबुकडुबुक आवाज वेगळा ओळखू येतो. जोडीचा दुसरा ल्यूर असेल तर दोन्ही छोट्या काट्यावर ठेवा, जड निघेल तो प्यायलेला.

गळती कुठे आहे ते शोधायला प्लास्टिकचा ल्यूर पुसून गरम पाण्यात बुडवा. उकळतं नको, हाताला सोसेल त्याहून थोडं जास्त पुरे. आतली हवा तापून फुगते आणि फटीतून बुडबुड्यांची माळ निघते. बहुधा मधल्या सांध्यावर, लिपच्या मुळाशी किंवा हुकाच्या कडीशी. तिथे खूण करा. पाणी काढायला जागा नसेल तर पोटाकडे, सांध्यापासून दूर, अगदी बारीक छिद्र पाडा, पाणी निथळू द्या, आतून पूर्ण कोरडा होऊ द्या. मग सांध्याच्या केसाएवढ्या फटीत पातळ सुपरग्लू स्वतःच खेचलं जातं. छिद्राला दोन भागांचं इपॉक्सी. ओला असताना बुजवलात तर पाणी आतच राहणार.

बाल्साची तऱ्हा निराळी. त्यात पोकळी नसते, लाकूडच पाणी पितं. वरच्या लेपाला हुकांनी ओरखडे पडतात, तिथून ओल शिरते, लाकूड फुगतं आणि रंगाला फोड येतात. सावलीत आठवडाभर वाळवा. उन्हात किंवा भट्टीत घालून घाई केलीत तर लेप आणखी फुटतो. नंतर ओरखड्यांवर पातळ इपॉक्सी. फोड छोटे असतील तोवरच हे जमतं.

काही ल्यूरमध्ये लांब फेकीसाठी सरकता भार असतो. फेकताना गोळी शेपटीकडे जाते आणि नंतर पुढे येऊन बसते. ती मागेच अडकली तरी शेपूट खाली पडते. नाक खाली करून दोन झटके द्या. 'टक' आवाज आला तर सुटली.

आणि डबा उन्हात तापलेल्या गाडीत राहिला होता का, ते आठवा. प्लास्टिक उष्णतेने वाकतं. ल्यूर पाठीकडून एका डोळ्याने बघा, केळ्यासारखा बाक दिसला तर कडी वाकवून तो सरळ होणार नाही. रबरी किडे (मऊ नकली आमिषं) आणि कडक ल्यूर एकाच कप्प्यात ठेवले असतील तर रबरातलं तेल प्लास्टिकला विरघळवतं, आणि तो खड्डा भरून येत नाही.

इथे थांबा

कडी मुळात सैल झाली असेल, फिरत असेल किंवा ओढल्यावर बाहेर येत असेल, तर थांबा. तीच कडी पुन्हा पुन्हा वाकवत असाल तरी थांबा, कारण तार दर वेळी कडक आणि ठिसूळ होते आणि तुटते ती नेमकी मासा लागल्यावर. मग माशाच्या तोंडात ट्रेबल हूक तसेच राहतात. बाल्साच्या ल्यूरची लिप मुळातून हलत असेल, तर ती काढून खाच साफ करून नेमक्या कोनात बसवणं हे ल्यूर बनवणाऱ्या कारागिराचं काम आहे. मी दोनदा घरी करून पाहिलं, दोन्ही वेळा लिप एक अंश तिरपी बसली आणि इपॉक्सी वाळल्यावर काहीच करता आलं नाही. हाताने बनवलेला ल्यूर असेल तर आधी बनवणाऱ्यालाच विचारा.

एकच तक्रार प्रत्येक ल्यूरवर येत असेल, थरथर तुटक वाटत असेल आणि ल्यूर नसतानाही मूठ फिरवताना खरखर लागत असेल, तर ल्यूर सोडा. रिळाचा गिअर किंवा बेअरिंग गेलंय. ते उघडायची सवय नसेल तर रीळ दुरुस्त करणाऱ्याकडे द्या.

हे सगळं करताना डोळ्यांवर चष्मा ठेवा, काळा असो वा पांढरा. खोडातून झटक्याने सुटलेला क्रँकबेट सरळ तोंडाकडे येतो. आणि हुकाची नांगी अडणीसकट, म्हणजे मागच्या उलट्या काट्यासकट, मांसात रुतली, तर तिथे घरगुती इलाज नको. लाईन कापा, स्प्लिट रिंग उघडून ल्यूर वेगळा करा म्हणजे त्याचं वजन लोंबकळणार नाही, आणि हूक आहे तसा ठेवून डॉक्टरकडे जा. डोळ्याजवळ किंवा सांध्याजवळ असेल तर हलवूसुद्धा नका. धनुर्वाताची सुई शेवटची कधी घेतली होती ते तिथे विचारतीलच.

बाक आलेला, दोनदा चिकटवूनही गळणारा ल्यूर मी जपत नाही. त्याचे हूक आणि रिंगा काढून सुट्या भागांच्या डबीत टाकतो, पुढच्या हूक-चाचणीला त्याच मापाचे हाताशी लागतात.